गवत मोजणाऱ्या मनूला

मुलुंड (पूर्व)
रविवार, दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू वैतागून म्हणालीस, ‘‘बंगळुरूला काय गवत मोजायला आले का मी?’’ मी हसले, ते तुला लागलं. समजावायला गेले की तू ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र.

पीएचडीसाठी मीटरभराचा चौकोन आखायचा आणि आतली गवताची काडीन्‌काडी मोजायची, हे काम कंटाळवाणंच. तुझ्या वयात मलाही दुर्मीळाचाच नाद होता. कंदिलपुष्पासाठी, म्हणजे कंदिलासारखं फूल येणाऱ्या त्या रानवेलीसाठी, भर पावसात कड्याकड्यांनी हिंडायचे. सह्याद्रीतल्या त्याच्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. माशी त्या कंदिलात शिरते, नळीतले केस तिला मागे फिरू देत नाहीत. फूल मरगळलं की केसही ढिले पडतात आणि ती पराग घेऊन सुटते. हे एकदा पाहिलं की गवताकडे कोण बघतंय!

आपलं मुलुंड कसं, पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि पूर्वेला ठाण्याची खाडी. वीस-बावीस वर्षं माझी प्रेस, म्हणजे झाडाचे नमुने कागदात दाबून वाळवायची ती फळ्यांची जोडी, डोंगरावरच गेली. खाडीवर मी तुला कडेवर घेऊन फिरायला जायची, रिकाम्या हातांनी. तिथे सगळा तिवरच, म्हणजे खारफुटीतलं झाड. तिवर खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. तुला पान चाटायला दिलं होतं, तर तू आणखी एक मागितलंस. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी त्याची श्वासमुळं वर आलेली असायची, ती तू मोजत बसायचीस. (तेव्हा मोजायला आवडायचं तुला!) पण तिवराची डहाळी दाबून ठेवावी असं मला एकदाही वाटलं नाही. रोजचंच झाड, पळून थोडंच जाणार?

मग एका वर्षी डेब्रिजचे डंपर यायला लागले. आपण बसायचो त्या बांधापलीकडे भराव पडला. पुढे सुनावणी झाली, मला बोलावलं. समोरच्यांनी एवढंच विचारलं, ‘‘या तुकड्यावर खारफुटी होती याला काय आधार?’’ मी म्हटलं, मी पाहिली आहे. ‘‘कधी? नमुना आहे?’’ कंदिलपुष्पाचे नऊ शीट, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने, होते माझ्याकडे. तिवराचा एकही नव्हता. एवढी शिकलेली बाई शेजारणीसारखी ‘होती हो, होती’ म्हणत उभी राहिली. हे मी तुझ्या बाबांनाही धड सांगितलेलं नाही.

मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातलं ब्लाटर हर्बेरियम, म्हणजे अशा शीटचा संग्रह, १९०६ सालचं. तिथले जुने शीट हाताळताना लक्षात येतं, कुणीतरी वाटेवरचं तणसुद्धा तितक्याच निगुतीने चिकटवलं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १९५३चं. ते मी पूर्वी फक्त नवलाईच्या झाडांसाठी उघडायचे. आता त्यातल्या साध्या, कुठेही उगवणाऱ्या झाडांच्याच नोंदी वाचते. ते झाड तिथे होतं, हे त्या नोंदीवरूनच तर कळतं.

डोंगरउतारावरच्या कारवीच्या झुडपाचं बघ ना. २०१६ला फुलली, मग २०२४ला, आता एकदम २०३२. तीन-चार वर्षांच्या पीएचडीत ती फुललेली दिसेलच असं नाही. आठ वर्षांचा हिशेब लागला तो आधीच्यांनी सालं टिपून ठेवली म्हणून. आणि ती काही दुर्मीळ नव्हे, आपल्याकडे कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. नावांचा घोळ मात्र मलाही वैताग आणतो. ब्रेमेकँप या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ला तिच्या वंशाचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, ढीगभर तुकडे केले, पुढच्यांनी ते परत एकत्र बांधले. म्हणून सांगते, शीट जपून ठेव. नाव बदललं तर चिठ्ठी वरून लावता येते.

फुलाचा रंग जागेवरच लिही, वाळल्यावर सगळं तपकिरी होतं. पावसाळ्यात कागद रोज बदल. बाबा अजून विचारतात, आजचा पेपर वाचायला मिळेल की झाडाच्या अंगाखाली गेला? आणि ‘रस्त्याच्या कडेला’ एवढंच लिहू नकोस. कुठला रस्ता, कुठली कड?

मी तिवराच्या एका डहाळीसाठी वनखात्याकडे अर्ज केलाय. तीन पानी. कारकुनाने दोनदा विचारलं, ‘‘मॅडम, एकच डहाळी?’’

तुझ्या तिसऱ्या चौकोनातलं ते ओळखू न आलेलं गवत पुन्हा बघ. पान जिथे काडीला बिलगतं तिथे पातळ पापुद्रा आहे की नुसते केस? भिंगातून बघून मग फोन कर.

तुझी,
आई