मनातलं वहीत

संपादक महोदय,

मी रात्रपाळीची परिचारिका. ड्युटी संपते, पण डोकं वॉर्डातच फिरत राहतं. म्हणून झोपण्याआधी वहीत लिहिते. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस १५ मिनिटं असंच लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत इतरांच्या तुलनेत ते आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. लिहिल्यावर लगेच मात्र त्यांना जास्तच उदास वाटलं होतं, आणि हे कुणी सांगतच नाही! तेव्हा रडू आलं तर घाबरू नका. पण उदासी दोन आठवडे हटली नाही, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. आपल्या आरोग्य पुरवणीत हेही आवर्जून छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक परिचारिका