मातीच्या भिंतीबद्दल, दिन्यास

प्रिय दिन्या,

तुझं पत्र मिळालं. गावच्या घराची मागची भिंत पुन्हा सुटली आणि मिस्त्री सिमेंटचा गिलावा मारू म्हणतोय, हे वाचून राहवेना. त्याला अजून उचल दिली नसशील तर देऊ नकोस. का, ते सांगायला मला एका चित्रापासून सुरुवात करावी लागेल. माझी सवय तुला ठाऊकच आहे.

वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या कलासंग्रहालयात अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफचं ‘रँचोस चर्च नं. २’ आहे. जेमतेम दोन बाय तीन फुटांचं तैलचित्र, १९२९ सालचं. त्या उन्हाळ्यात ती अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्यात, ताओसला मुक्काम ठोकून होती. तिथून जवळच रँचोस दे ताओस वस्तीत सॅन फ्रान्सिस्को दे असीसचं चर्च आहे. स्पॅनिश अमलातलं, १८१६ च्या सुमारास पुरं झालेलं. ताओसला आलेल्या चित्रकाराला ते काढल्यावाचून सुटका नाही, असं ती स्वतःच म्हणायची. पण बाईंनी काढली ती बहुतेक वेळा त्याची पाठ! चित्रात दार नाही, खिडकी नाही, क्रूस नाही. नुसते मातीचे गोलसर, अवजड उंचवटे आणि वर ढगाळ निळसर आभाळ. जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते शोधावं लागतं. पुढे तर तिने त्या पाठीचाही एक तुकडाच रंगवला आणि चर्चबद्दल सांगायचं ते सगळं त्यात आलं म्हणाली.

जाणकार याला अमूर्ताकडे झुकलेलं चित्र म्हणतात. मलाही ते पटायचं, प्रत्यक्ष चर्चमागे जाऊन उभा राहीपर्यंत. अरे, ते मागून खरंच तसं दिसतं! भिंती बाहेर कलू नयेत म्हणून दिलेले ते मातीचे जाडजूड धिरे आहेत. अॅन्सेल अॅडम्स आणि पॉल स्ट्रँड या छायाचित्रकारांनीही कॅमेरा तिकडेच लावला होता. अगदी जवळ गेलो तर उन्हात गिलाव्यातल्या पेंढ्याच्या काड्या चमकत होत्या आणि हात फिरवल्याचे अर्धगोल वळ स्पष्ट दिसत होते.

आता तुझ्या भिंतीकडे येतो. त्या चर्चचं बांधकाम असं: आत उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, वर माती-पेंढ्याचा लेप. लेप पावसाने झिजायचाच. म्हणून गावकरी तो पुन्हा पुन्हा चढवत आले. हे काम पूर्वापार बायकांच्या हातचं. १९६७ मध्ये कुणीतरी विचार केला, दरवर्षी हा राडा कशाला? आणि भिंतींवर सिमेंटचा कडक गिलावा चढला. त्याला तडे गेले, तड्यांतून पाणी शिरलं आणि ते बाहेर पडायला वाटच उरली नाही. वरून भिंत ठणठणीत, आत विटांचा चिखल. शेवटी १९७९ मध्ये ते कवच फोडून काढलं आणि मातीवर परत आले. तेव्हापासून दर जूनमध्ये सगळी वस्ती जमून भिंती लिंपते. म्हणजे ओकीफने रंगवलेला पृष्ठभाग आज तिथे नाहीच. तो कधीच वाहून गेला.

तुझ्या भिंतीचंही तेच होणार, फक्त लवकर, कारण तुमच्याकडचा पाऊस ताओसच्या कितीतरी पट. तेव्हा सिमेंट नको. माती-पेंढा लिंप, नाहीतर चुना वापर. चुन्यातून ओल बाहेर पडते. माती किती दिवस भिजत घालायची ते काकूंना विचार, मिस्त्रीला नको. वळचण हातभर पुढे काढ, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील. आणि जोत्यालगत रचलेली ती लाकडं आधी हलव, तिथे ओल धरते हे मी मागेच म्हटलं होतं.

मिस्त्री ऐकेना तर मला फोन लावून दे, मी बोलतो त्याच्याशी. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शऱ्या