वॉरंटीतला तांदळाचा दाणा

इंदूर,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण तू लेकीच्या गेमच्या बिघाडाबद्दल विचारलंस आणि इथं मीही तसल्याच भानगडीत गळ्यापर्यंत बुडालो होतो. काल चंपाषष्ठी झाली, भरीत-रोडगे अजून पोटात आहेत, बाहेर गराडूचा कंद तळून खावा अशी थंडी पडलीय आणि गेम घरी परत आलाय. तेव्हा आता सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

टीव्हीला जोडून खेळायच्या त्या व्हिडिओ गेमच्या डब्याला आमच्या घरात ‘गेम’च म्हणतात. कंपनीचं नाव लिहीत नाही; प्रकरण मिटलंय, आता कशाला. गेल्या वर्षी धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबर २०२३ ला घेतला. वॉरंटी एक वर्ष. आई म्हणाली, “या दिवशी भांडं घेतात रे, हे कसलं भांडं?” पण यंदा तिनंच त्याला घरात घेतलं. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, सगळ्यांची पूजा होते, तुला आठवत असेलच. यंदा गेमचीही झाली. “पोरं दिवसभर ज्याच्यापुढे बसतात ते त्यांचं शस्त्रच की!” झेंडूचं फूल, हळदकुंकू, अक्षता. मी फोटो काढून तुला पाठवला होता आणि तू हसून लोळलास. पुढे तोच फोटो कामी आला.

कोजागिरीला, १६ ऑक्टोबरला, आम्ही गच्चीवर. दूध आटत आलेलं. दोनदा लाईट गेले आणि लगेच आले. खालून चिरंजीवांची किंकाळी. धावत गेलो तर टीव्ही चालू, गेम ठार. ना बीप, ना दिवा, ना पंखा. वायर बदलली, दुसऱ्या प्लगला लावला, रात्रभर प्लग काढून ठेवला. काही नाही.

दुसऱ्या दिवशी काखोटीला मारून जेल रोडला गेलो. आपण जिथं वॉकमन दुरुस्त करायचो त्याच बाजूला, आता सगळी मोबाईलची दुकानं. एका पोरानं गेम हातात घेतला, हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. मग त्यानं मागच्या जाळीला नाक लावलं आणि चक्क हुंगला! डोळे मिटून, अत्तर हुंगावं तसा. म्हणाला, “भिया, पावर सप्लाय जला है. सौ टका.” मी म्हटलं, मग उघड की. तर त्यानं मला बिल मागितलं, तारीख पाहिली आणि डबा परत केला. “तेईस दिन बाकी हैं भिया. मैंने खोला तो वारंटी गई. पेले कंपनी जाओ, नी करें तो मेरे पास आना.” हातात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवायला छाती लागते. वर पोहे खाऊ घातले, त्याचे पैसेही देऊ देईना.

सर्व्हिस सेंटर म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि एक मुलगी. वस्तू इथं घेतात आणि दुरुस्तीला बाहेरगावी पाठवतात. तिनं फॉर्म भरता भरता विचारलं, “लाइट का कोई इशू था?” आणि बंड्या, मी म्हटलं, “नहीं, हमारे यहाँ लाइट जाती ही नहीं.” हे फक्त तुला सांगतोय, बायकोलाही सांगितलेलं नाही. विजेच्या झटक्यानं झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही हे मी आदल्या रात्रीच त्या बारीक अक्षरांत वाचलं होतं.

दहा दिवसांनी ई-मेल आला. ‘आत बाह्य पदार्थ आढळल्याने वॉरंटी रद्द.’ दुरुस्तीचे चौदा हजार. सोबत एक फोटो: पंख्याच्या पात्याशी अडकलेला तांदळाचा एक दाणा, हळदीनं पिवळा झालेला. फोटो इतका मोठा करून काढला होता की आई चष्मा लावून म्हणाली, “कोलम आहे.” मग तिला कळलं काय झालंय ते. त्या दिवशी तिनं जेवताना भात वाढून घेतला नाही.

मला मग चेव चढला. एरवी मी कसा आहे तुला माहीत आहे, रिक्षावाल्याशीही भाव करत नाही. पण माझ्या आईच्या अक्षतेवर आळ! मी लिहिलं, दाणा आत आहे हे मान्य. पण दाण्यामुळे मशीन बंद पडलं असं तुमच्या अहवालात कुठं म्हटलंय? कोरडा तांदूळ वीज वाहून नेत नाही. पंखा अडला असता तर मशीन तापून बंद पडलं असतं, पेटवल्यावर निदान दिवा तरी लागला असता. सोबत पूजेचा फोटो जोडला, तारखेसकट, म्हणजे त्यानंतर चार-पाच दिवस गेम ठणठणीत चालला हे दिसावं. उत्तर आलं, ‘आम्ही दिलगीर आहोत.’ आणखी एक मेल, तेच उत्तर, स्वल्पविरामासकट तेच. दिवाळी अशीच गेली. पोरांनी पत्ते खेळून काढली. खरं सांगायचं तर मजा आली.

६ नोव्हेंबरला १९१५ या नंबरला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. ती कोर्ट नाही, तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते. पण कंपनीला कळतं की हा गडी पुढेही जाईल. पुढे म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आता आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. हे सगळं मी फोनवर मोठ्यानं म्हणायचा सराव केला होता, गरज पडली नाही. चार दिवसांत फोन आला: “सर, एक बार के लिए कन्सिडर कर रहे हैं.” उपकार केल्यासारखं. २८ नोव्हेंबरला डबा घरी आला. वॉरंटी तोवर संपलेली, पण तक्रारीची तारीख १८ ऑक्टोबर होती आणि ती पावती मी जपून ठेवली होती. सगळा खेळ त्या एका कागदावर होता.

मात्र आला तो आमचा गेम नाही. सिरीयल नंबर वेगळा, कोपऱ्यावर बारीक ओरखडा, दुसऱ्या कोणाचा तरी दुरुस्त केलेला. धाकटीनं गेममध्ये वर्षभर बांधलेलं गाव गेलं, तिनं ते कुठं साठवलंच नव्हतं. ती रडली नाही, नव्यानं विहीर खणायला बसली.

आता तुझं. लेकीच्या गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालतो म्हणतोस, तर तो हातातल्या कंट्रोलरचा ‘ड्रिफ्ट’. अंगठ्यानं हलवायच्या काडीखाली आत एक कार्बनची पट्टी असते, तिच्यावर पत्र्याचा बारीक हात घासत फिरतो. रेडिओचा आवाजाचा कान जुना झाला की खरखरतो, तेच. फुंकून, स्पिरिट मारून आठ दिवस बरं वाटतं. आपण लहानपणी व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकायचो तसलंच ते; थुंकीच्या ओलाव्यानं खरं तर पिना गंजायच्या, कॅसेट काढून पुन्हा नीट बसली म्हणून चालायची. या ड्रिफ्टपायी गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या अध्यक्षांना २०२० मध्ये माफी मागावी लागली, तेव्हा लेकीला रागावू नकोस. काडीच बदलून घे. चुंबकावर चालणाऱ्या मिळतात, त्यांत घासायला काही नसतं.

पण तुझ्या मेव्हण्यानं तो कंट्रोलर दुबईहून आणलाय, म्हणजे इथं वॉरंटी मिळेल ही आशा सोड. निदान बिल मागवून घे आणि कंपनीला सिरीयल नंबर देऊन एकदा विचार.

आणि तो यूट्यूबवरचा ‘टॉवेलमध्ये गुंडाळा’ उपाय अजिबात करू नकोस. तो मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या जुन्या गेमच्या काळातला. तापून-निवून चिपपाशी असलेले नाजूक जोड तडकायचे आणि पुढे तीन लाल दिवे लागायचे. लोक मशीन मुद्दाम तापवून जोड पुन्हा चिकटवू पाहायचे. चालायचं, चार दिवस. शेवटी २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि अब्जाहून जास्त डॉलर बाजूला काढले. एवढी मोठी कंपनी आधी चूक मानत नव्हती आणि आपण एका दाण्यासाठी भांडतो!

सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलीशी खोटं बोललो ते मात्र अजून टोचतं. दाण्याचा आळ खोटा होता म्हणून मी हक्कानं ओरडलो, आणि खरं कारण बहुधा मलाच माहीत होतं. परवा तिकडून जाताना आत डोकावलो. ती कोणाला तरी म्हणत होती, “सर, फॉरेन मटेरियल है.” मी तसाच पुढे निघून गेलो.

स्टॅबिलायझर आणलाय. आईनं काल त्यालाच हळदकुंकू वाहिलं, लांबून, आणि अक्षता हातातच ठेवून मला विचारलं, “याला जाळी आहे का रे?”

लेकीच्या कंट्रोलरचा मागचा फोटो पाठव, मॉडेलचा नंबर दिसेल असा. जेल रोडच्या त्या पोराला दाखवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या