बाबा, ही शिक्षा नाही

प्रिय आई-बाबा,

सलाम.

फोनवर बाबा "बरंय" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यापासून बाबांचं डायलिसिस पुण्यात, आमच्या घराजवळ. नाव नोंदवून आलेय. आधी विचारलं असतं तर नाताळ होऊ दे, मग ईस्टर होऊ दे, असंच चाललं असतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आणि नंतर आईने थकलेल्या बाबांना धरून रिक्षा शोधायची, हे मला बघवत नाही. नगरचं घर विकत नाही आहोत. किल्ली मावशीकडे, जास्वंदीला पाणीही तीच घालेल.

खोली तळमजल्यावर आहे, संडास कमोडचा, पलंग खिडकीशी. तो तुमच्या जावयानेच आणून लावलाय, तेव्हा "लेकीकडे कसं राहायचं" हे मनातही आणू नका. मराठी उपासना होते ते चर्च चालत जाण्याइतकं जवळ आहे.

बाबा, आई सांगत होती, भेटायला आलेलं कुणीतरी "काही पाप असेल तर कबूल करून टाका" म्हणालं आणि तेव्हापासून तुम्ही रात्र-रात्र जागता. ते प्रेमानेच बोलले असतील. पण मला तापात "मी काय केलं हो?" म्हणून रडताना उशाशी बसून बायबलातला योहान, अध्याय 9 कुणी सांगितला होता? जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही, देवाचं काम याच्यात दिसावं म्हणून. आणि पुढे समजावत बसत नाही, थुंकीने माती कालवायला घेतो.

बायबलातल्या त्या सोसणाऱ्या ईयोबाचे मित्रही दुःखाचा हिशेब मांडायलाच आले होते. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही. आणि पहिल्या अध्यायात देव सैतानाला ईयोबाची परीक्षा घेऊ देतो, ते स्वर्गात ठरलेलं ईयोबाला अखेरपर्यंत कळतच नाही. आपण वाचतो, त्याला माहीत नाही. मग तुमच्या किडन्यांमागे देवाचा हेतू काय, हे मी कशी सांगणार? प्रेषित पौलाने देवाकडे तीनदा मागूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे," एवढंच उत्तर आलं. मला ते कधीकधी फार थोडं वाटतं, खरं सांगते. तुम्हालाही वाटलं तर मोठ्याने म्हणा, देवाला चालतं. बायबलातली स्तोत्रं काय कमी कुरकुरतात?

आई, तुझी आजी केडगावला मुक्तीत, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढली. रमाबाईंची एकुलती लेक मनोरमा 1921मध्ये गेली, पुढच्याच वर्षी त्याही गेल्या, पण बायबलचं भाषांतर पुरं करून. लेक का गेली याचं उत्तर हाती येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. बाबांनीही थांबू नये, इतकंच म्हणणं आहे.

आता ऐका. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला डायलिसिसखेरीज सुई टोचू द्यायची नाही, बीपीही त्या हातावर मोजायचं नाही, जड पिशवी तर मुळीच उचलायची नाही. कुणी मायेने शहाळं आणलं तरी बाबांना नाही, त्यातलं पोटॅशियम त्यांना झेपत नाही. पाणी मोजून. लोणच्याची बरणी मावशीला देऊन टाक आई, आणि तुझ्या बीपीच्या गोळ्या चुकवू नकोस. सगळे रिपोर्ट एका फायलीत लावून ठेवा.

आणि पेटी आणायची आहे, बाबा. भाता फाटलाय हे कारण चालणार नाही, इथे दुरुस्त करून मिळतो. मी विचारून आलेय.

तुमची,
बबडी