चार्टही शिळा होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली तो दिवस २५ डिसेंबर २०२५. टर्मिनल कसे दिसते, पार्किंगला किती पडतात, अटल सेतूवरून किती वेळ लागतो, यावर तेव्हा रकानेच्या रकाने भरून आले. तो गुरुवार होता आणि आयरॅक चक्राचा, म्हणजे वैमानिकी माहितीतले बदल जगभर एकाच वेळी लागू करण्याच्या वेळापत्रकातला, गुरुवार होता, याकडे मात्र वैमानिकांखेरीज फारसे कुणाचे लक्ष गेले नसावे. त्यांच्या भाषेत त्या चक्राचे नाव २५१३, म्हणजे २०२५ सालचे तेरावे आणि शेवटचे चक्र.

धावपट्ट्या, हवाई मार्ग, रेडिओ साधने, उतरण्याच्या पद्धती यांतले ठरवून केलेले बदल जगभर या नेमलेल्या गुरुवारीच लागू होतात. दोन गुरुवारांत २८ दिवसांचे अंतर. वेळ मध्यरात्रीची, पण ग्रिनिचची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. २०२६ मध्ये ११ जून, ९ जुलै, ६ ऑगस्ट, ३ सप्टेंबर अशा तारखा येतात. बदल किमान २८ दिवस आधी वापरणाऱ्यांच्या हातात पडावा म्हणून तो ४२ दिवस आधी प्रसिद्ध करायचा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मोठ्या बदलांसाठी ५६ दिवस. सरकारी मजकूर वाचून तो चार्टवर, म्हणजे वैमानिकांच्या नकाशांवर, आणि विमानातल्या जीपीएसच्या डेटाबेसमध्ये उतरवायला कंपन्यांना हा अवधी लागतो. प्रसिद्धीलाच उशीर झाला तर चार्ट मागे पडतो आणि मधली फट नोटॅमने, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या तातडीच्या सूचनेने, बुजवावी लागते.

मोठ्या विमान कंपन्यांत हे सांभाळायला वेगळा विभाग असतो. लहान चार्टर कंपन्या, स्वतःचे विमान बाळगणारे आणि फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे दिसत नसताना उपकरणांवर उडण्याचा परवाना) करणारी मुले-मुली यांच्याकडे मात्र सगळी भिस्त एका आयपॅडवर असते. हे पत्र त्यांच्यासाठी.

सर्वांत जुना घोटाळा प्लेटवरच्या तारखेचा. प्लेट म्हणजे एका अ‍ॅप्रोचचा, म्हणजे उतरण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीचा, एकपानी चार्ट. तिच्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख असूनही ती चालू असू शकते, कारण त्या अ‍ॅप्रोचमध्ये मधल्या काळात काही बदललेलेच नसते. उलट गेल्या महिन्यातली प्लेट आज रद्द झालेली असू शकते. नुसती तारीख पाहून यातले काहीच कळत नाही. ताळा यादीशीच घालावा लागतो. विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीत, म्हणजे अधिकृत वैमानिकी माहितीच्या ग्रंथात, ही यादी जीईएन ०.४ या भागात पानागणिक दिलेली असते आणि सप्लिमेंटची (तात्पुरत्या बदलांच्या पुरवणीची) नोंद त्याआधीच्या ०.३ मध्ये असते. जेपसन या चार्ट कंपनीच्या प्लेटवर बऱ्याचदा दोन तारखा दिसतात, एक सुधारणेची आणि एक लागू होण्याची. दुसरी तारीख उजाडायच्या आत जुनी प्लेट फाडून टाकणे ही कागदाच्या जमान्यातली नेहमीची चूक. प्लेटच्या तळाशी बारीक अक्षरांत काय बदलले याची एक ओळ असते. ती वाचायला पाच सेकंद लागतात, तरी ती कुणी वाचत नाही.

दुसरी बाजू डेटाबेसची. डोळ्यांसमोरचा चार्ट आणि विमान ज्यावर चालते तो डेटाबेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, वर्गणीही बहुधा वेगळी. प्रशिक्षणाच्या सेसना १७२ किंवा डायमंडमध्ये जी-१००० ही पडद्यांची उपकरण प्रणाली असेल तर नेव्हिगेशन डेटाबेसचे एसडी कार्ड वरच्या खाचेत घालायचे. खालच्या खाचेतले कार्ड भूप्रदेश आणि अडथळ्यांचे, त्याला हात लावायचा नाही. जुन्या पद्धतीत डावा आणि उजवा, दोन्ही पडदे एकेक करून अद्ययावत करावे लागतात. एक राहिला की ‘डीबी मिसमॅच’ असा इशारा येतो आणि दोन पडद्यांमधली देवाणघेवाण बंद पडते. हे धावपट्टीच्या तोंडाशी लक्षात आले तर परत फिरणेच बरे. सुरुवातीच्या पानावर डेटाबेसची मुदत दिसते. मुदत संपलेली असली तरी एंटर दाबून पुढे जाता येते, आणि बोटाला तीच सवय लागते.

चक्र एकच असले तरी चार्ट आणि डेटाबेस जुळतीलच असे नाही. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात काली शहराकडे उतरणारे बोइंग ७५७ डोंगरावर आदळले आणि १५९ माणसे गेली. प्लेटवर रोझो या रेडिओ बीकनची खूण ‘आर’ अशी होती. वैमानिकांनी संगणकात ‘आर’ टाकले, तेव्हा यादीत वर आले ते बोगोटाजवळचे रोमिओ, आणि विमान तिकडे वळले. रोझो हवे असेल तर संगणकात त्याचे पूर्ण नाव टाकावे लागत होते. म्हणून आरएनपी, म्हणजे जीपीएसवर चालणारा, अ‍ॅप्रोच लोड केल्यावर प्रत्येक वेपॉइंटचे (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूचे) नाव, दिशा, अंतर आणि उंची प्लेटशी ताडून पाहावी. दिशेत एखाद्या अंशाचा फरक चुंबकीय विचलनाच्या हिशेबामुळे पडतो, तो चालतो. उंची किंवा वेपॉइंटचे नाव जुळत नसेल, अ‍ॅप्रोचच्या नावात प्लेटवर ‘झेड’ आणि यंत्रात ‘वाय’ असेल, तर तो अ‍ॅप्रोच करायचा नाही.

आता चार्ट कुणाचे घ्यावेत. आपला ई-एआयपी संकेतस्थळावर फुकट मिळतो, मग पैसे का भरायचे, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. सगळ्या कंपन्यांचे मूळ तेच आहे आणि शंका आली की तिथेच जायचे. पण एआयपीच्या प्लेटवर अडथळ्यांपासून सुरक्षित अशी ओसीए आणि ओसीएच ही उंची असते. कोणत्या उंचीपर्यंत उतरायचे आणि किती आरव्हीआर (धावपट्टीवरची दृश्यता) हवा, ते मिनिमा ऑपरेटरने नियमांनुसार काढायचे असतात. ओसीएचा आकडाच मिनिमा समजून खाली येणे धोक्याचे. विकतच्या चार्टवर मिनिमाचा तक्ता तयार असतो, तरी तो आपल्या ऑपरेशन्स मॅन्युअलशी जुळतो का, हे पाहावेच लागते.

बाजारात मुख्य नावे तीन: जेपसन, लुफ्तान्सा सिस्टिम्सची लिडो आणि एअरबसची नॅव्हब्लू. मांडणी आणि रंग कुणाचे चांगले हा वाद चहा-सिगारेटपुरता ठीक. निवड करताना आम्ही पाहू ते वेगळे. जीपीएसचा डेटाबेस त्याच घराण्यातला मिळतो का? लोहगाव, दाबोळी अशा संरक्षण दलांच्या धावपट्ट्या यादीत आहेत का? एका वर्गणीत किती उपकरणे चालतात? पुढचे चक्र किती दिवस आधी डाउनलोड करता येते? इंटरनेट नसताना सगळे उघडते का? आणि वर्गणी संपल्यावर चार्ट इशारा देऊन राहतात की पडद्यावरून गायबच होतात? एका कॉकपिटमध्ये दोघांकडे दोन कंपन्यांचे चार्ट कधीही नसावेत. मिनिमाचा तक्ता एकाचा एकीकडे, दुसऱ्याचा दुसरीकडे. ब्रीफिंग ऐकणारा शोधतच राहतो.

व्याप्तीत काटकसर करताना पर्यायी विमानतळ विसरले जातात. पावसाळ्यात मुंबईकडे निघालेल्याला अहमदाबाद, नागपूर, हैदराबाद किंवा मोपा गाठावे लागू शकते. फक्त पश्चिम किनाऱ्याचे पॅकेज घेतले तर ऐन वेळी पडदा कोरा. जीपीएसमधला व्यत्यय आता नवा राहिलेला नाही, तेव्हा जमिनीवरच्या रेडिओ साधनांवर चालणाऱ्या व्हीओआर आणि आयएलएसच्या प्लेटही ‘कोण वापरतं’ म्हणून वगळू नयेत.

गुरुवारच्या पहाटेबद्दल वेगळे सांगायला हवे. पाच वाजता सुटून साडेसहाला उतरणारे विमान जुन्या चक्रात उडते आणि नव्यात उतरते. हवेत डेटाबेस बदलू नये. आदल्या संध्याकाळी गंतव्य आणि पर्यायी विमानतळांच्या जुन्या-नव्या प्लेट शेजारी ठेवून पाहाव्यात. अ‍ॅप्रोच बदलला असेल तर जुन्या डेटाबेसवर तो करायचा नाही. न बदललेला आयएलएस वापरावा किंवा साडेपाचनंतर सुटावे.

आयपॅड अद्ययावत करायचा तो घरच्या वायफायवर, आदल्या रात्री. त्याच रात्री त्याची प्रणाली मात्र बदलू नये, कारण नव्या प्रणालीवर अ‍ॅप रुसते. डाउनलोड झाले की विमान मोड लावून नेमक्या लागणाऱ्या प्लेट एकदा उघडून पाहाव्यात. मे महिन्यात उन्हात काचेमागे ठेवलेला आयपॅड तापून बंद पडतो, म्हणून दुसरे उपकरण हवे आणि तेही त्याच चक्रावर.

फ्लाइंग स्कूलना एक विनंती. ब्रीफिंगच्या फळ्यावर चालू चक्राचा क्रमांक आणि पुढच्या गुरुवारची तारीख लिहावी. वर्षानुवर्षे हातोहात फिरणाऱ्या प्लेटच्या झेरॉक्स गोळा कराव्यात. सिम्युलेटरसाठी ठेवायच्याच असतील, तर प्रत्येकीवर लाल शाईने आडवे ‘फक्त सरावासाठी’ लिहावे.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग प्रशिक्षक, पुणे