हिलोला होकार देण्याआधी

चि. सौ. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवल्यापासून तुझं एकच बोलणं डोक्यातून जात नाही. "आई, तू नाही का गेली मेळघाटात? मग मी हिलोला गेली तर काय झालं?" हिलो म्हणजे हवाईचंच, पण दुसऱ्या बेटावरचं गाव; तिथली नोकरी मिळते आहे आणि लेकराला होनोलुलूला ठेवून तू जायचं म्हणतेस. तेव्हा मी नुसतं हूं म्हटलं. तुझा आवाज भरून आला होता, बाबा बाजूलाच बसले होते आणि मला नीट उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. शेजारच्या पोराकडून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकीन, पण लिहिते कागदावरच. नर्स म्हणून आरोग्य उपकेंद्राची रजिस्टरं भरण्यात जन्म गेला, हाताला तीच सवय आहे.

आधी तुझ्या मनातलं काढून टाकते. आठ महिने नोकरी नाही म्हणून तू स्वतःला कमी लेखायला लागलीस. सेवाग्रामला बी.एस्सी. नर्सिंग केलंस, अमेरिकेत नर्स व्हायची ती एनक्लेक्सची परीक्षा पहिल्याच वेळी पास झालीस, ह्यूस्टनला तीन वर्षं आयसीयूत रात्रपाळ्या केल्यास. जवाईबापूंची बदली झाली आणि तू होनोलुलूला उतरलीस, तेवढ्यानं तुझ्या हातची विद्या गेली का? आणि आठ महिने म्हणतेस, त्यातले पहिले अडीच तर लायसन्सनंच खाल्ले. टेक्ससचं लायसन्स कितीतरी राज्यांत चालतं, हवाईत चालत नाही, हे तूच सांगितलंस. पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा फी. ते महिने हिशोबात धरूच नकोस.

उरलेल्या महिन्यांचं मला काही नवल वाटलं नाही. बेट म्हटल्यावर दवाखाने मोजकेच, त्यातले मोठे बहुतेक ओआहूवर, म्हणजे होनोलुलूच्याच बेटावर. जागा निघाली की आधी आतल्यांना विचारणार, मग तिथंच शिकलेल्या पोरींना, मग बाहेरच्यांना. त्यात समुद्र पाहून आलेली माणसं वर्ष-दोन वर्षांत घरभाड्याला कंटाळून परत जातात. नवीन नर्सला वॉर्ड शिकवायला त्यांचे दोन-तीन महिने जातात. ती शिकली आणि गेली, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ते प्रत्येक मुलाखतीत "इथं किती दिवस राहणार?" असं विचारतात. तुला तो अपमान वाटतो. मला त्यात जळलेल्या माणसाची काळजी दिसते. त्यांना तोंडानं सांगू नकोस, अर्जातच लिही, की नवऱ्याची इथली नोकरी पक्की आहे, पोरगा इथल्या बालवाडीत जातो, घराचा करार इतक्या वर्षांचा आहे.

आपल्याकडे काय वेगळं होतं? परतवाडा, अचलपूर, अमरावती, इथली जागा कधी रिकामी राहिल्याचं मी नोकरीभर पाहिलं नाही. आणि वर घाटात, चुर्णी-हतरूकडे, वर्षानुवर्षं पद रिक्त. जिल्हा एकच. खाली एका जागेसाठी दहा जणींची धावपळ आणि वर कुलूप. होनोलुलू आणि हिलोचं तेच आहे. म्हणूनच हिलोवाल्यांनी तुला एका फोनवर हो म्हटलं.

आता मेळघाटाचं सांगते. तुला मी ते कधी पूर्ण सांगितलं नाही. सांगितलं ते चांगलंचुंगलं.

१९९२ साली ऑर्डर आली. तू दीड वर्षाची. मी दोन वर्षं खालच्या जागेची वाट पाहिली होती, वशिला नव्हता, वावरात त्या साली काही पिकलं नव्हतं. धारणी तालुक्यातलं उपकेंद्र मिळालं आणि मी गेले. तुला आजीजवळ ठेवलं. सेमाडोह ओलांडलं की सिपना नदी साथीला लागते. कोरकूत सिपना म्हणजे साग, हे मला तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं. तिच्याकडूनच मी पहिला शब्द शिकले, डा, म्हणजे पाणी. बाळंतिणीच्या घरात शिरून "डा" म्हटलं की बाया हसायच्या आणि मग दार उघडं राहायचं. औषधाच्या पेटीनं जे होत नव्हतं ते त्या एका शब्दानं व्हायचं. हे तुला तिकडेही उपयोगी पडेल, पुढे सांगते.

१९९३ च्या पावसाळ्यात लेकरं दगावायला लागली. पेपरांत आलं, गाड्या आल्या, फोटो निघाले. आम्ही तर त्याच्या आधीपासून काट्याला टांगून वजनं घेत होतो. वहीत भरायचा आकडा पाहून हात थांबायचा. लस घेऊन नाला ओलांडायचा तर पेटी डोक्यावर, लुगडं कमरेला. आठ-आठ दिवस रस्ता बंद. मी तिथं चार वर्षं काढली आणि काम चांगलं केलं, हे मी आजही छाती ठोकून सांगते. वाचली ती लेकरं आता बाप्ये झाली असतील.

पण त्याच १९९३ साली मी पोळ्याला घरी आले. बैल सजले होते, तू ओट्यावर उभी होतीस. मी हात पसरले, तर तू आजीच्या लुगड्यामागे लपलीस आणि म्हणालीस, "आजी, नर्सबाई आली." गावातली सगळी माणसं मला तेच म्हणायची, तू तेच ऐकलं होतंस. आजी हसली, सगळे हसले, मीही हसले. रात्री गोठ्यात जाऊन रडले. तू माझ्या कुशीत झोपायला लागलीस ती १९९६ नंतर, मी खाली आल्यावर, आणि तेव्हाही झोपेत हाक मारायचीस ती आजीलाच.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. तू मेळघाटाचा दाखला दिलास म्हणून सांगावं लागलं. दाखला द्यायचा तर पूर्ण दे.

हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा केलेल्या त्या मदर मारियानचंही तू बोललीस. ते ऐकून मला खरंच भरून आलं, कारण कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला मीही घरोघरी फिरलेली बाई आहे. पाठीवरचा पांढरट चट्टा, तिथं कापसानं स्पर्श केला तर कळतो की नाही ते पाहायचं. लोक दारं लावून घ्यायचे. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन आहे, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, म्हणून आपल्या मुलखात त्या आजाराची माणसं थोडी तरी माणसांत राहिली. हवाईच्या राजानं १८६६ पासून अशा रोग्यांना मोलोकाईच्या त्या कड्याखालच्या कलाउपापाला नेऊन सोडलं, एका बाजूला डोंगर, तीन बाजूंनी समुद्र. आणि १८८३ साली मदतीला या म्हणून कितीतरी मठांना पत्रं गेली, तर पन्नासाहून जास्त ठिकाणांहून नकार आला आणि ही बाई निघाली. १८८८ ला कलाउपापाला गेली आणि १९१८ ला तिथंच वारली. तीस वर्षं. तिच्यापुढे मी हात जोडते.

पण बाळा, तिचं तीन वर्षांचं पोर होनोलुलूच्या खिडकीत उभं नव्हतं.

हिलोला बोट जात नाही, विमानच. पाऊण तासाचं म्हणतेस, पण तिकीट, विमानतळ, पावसात उशीर. तीन दिवस ड्यूटी, चार दिवस घरी, असं कागदावर फार सोपं दिसतं. मलाही "महिन्यातून एकदा येशील" असंच सांगितलं होतं. एखादी नर्स रजेवर गेली की तुझे तीनचे पाच होतील. तू नाही म्हणणार नाहीस, मला तुझा स्वभाव माहीत आहे, तो माझाच आहे. जवाईबापू चांगले आहेत, करतील सगळं. पण लेकरानं आईला पाहुणी म्हणून ओळखू नये. घरात खायलाच नसतं तर मी "जा" म्हटलं असतं. तुमचं तसं नाही. ओढाताण आहे, दूध तिथं सोन्याच्या भावानं आहे, सगळं जहाजानं येतं, ते कळतं मला. तरी ओढाताण वेगळी आणि उपास वेगळा.

म्हणून माझं मत असं, की होनोलुलूतल्या त्या म्हाताऱ्यांच्या केअर होमची नोकरी घे. तू ते सांगताना आवाज खाली घेतलास. "आयसीयू करून आता हे?" म्हणालीस. मला ते आवडलं नाही. म्हाताऱ्या माणसाची नर्सिंग सोपी असते असं कोणी सांगितलं? त्यांचा ताप थर्मामीटरच्या आधी वागण्यात दिसतो. काल नीट बोलणारी आजी आज सुनेला ओळखत नाही, म्हणजे लघवीत जंतू असू शकतात, हे ओळखायला नजर लागते. पाठीवर लाल डाग दिसला की त्याची जखम व्हायच्या आत कूस बदलायची, हे काम मी घरी तुझ्या आजीसाठी नऊ महिने केलं. तिला एक फोड आला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला एवढा अभिमान दुसऱ्या कशाचा नाही.

आणि तिथं म्हाताऱ्यांना कुपुना म्हणतात, मोठ्या बायांना नाव न घेता आंटी म्हणतात, घरात शिरताना चपला बाहेर काढतात, हे तूच मला कौतुकानं सांगितलंस. मग तुझं निम्मं काम झालेलंच आहे. ह्यूस्टनला तुला हे सगळं सोडून द्यावं लागलं होतं. केअर होममधल्या फिलिपिनो आज्यांकडून त्यांच्या बोलीतलं पाणी, दुखतं, भूक, एवढे तीन शब्द आधी शिक. माझ्या "डा"चं काय झालं ते वाचलंसच.

केअर होमसोबत मोठ्या दवाखान्यांतल्या कॉल-इन जागांना, म्हणजे गरज पडली की बोलावतात त्यांना, अर्ज चालू ठेव. महिन्यातून चार पाळ्या मिळाल्या तरी आतली माणसं तुला नावानं ओळखतील, आणि पुढची जागा निघेल तेव्हा तू बाहेरची राहणार नाहीस. डायलिसिस सेंटरलाही विचार. साखरेचा आजार तिथं आपल्यासारखाच घराघरांत आहे म्हणालीस, म्हणजे ती खुर्ची कधी रिकामी राहत नसणार, आणि पाळी ठरलेली, रात्र नाही. हृदय बंद पडलं तर काय करायचं त्या प्रशिक्षणाचं, एसीएलएसचं, कार्ड संपू देऊ नकोस, नंतर धावपळ होते. अर्ज नुसता कॉम्प्युटरवर टाकून बसू नकोस. इस्त्रीचे कपडे घाल, फाइल घे आणि जा. फार तर "ऑनलाइन भरा" म्हणतील. भरलेलाच आहे म्हण, तोंड दाखवायला आले म्हण.

दोन वर्षांनी पोरगा शाळेत रुळला, तुम्ही तिघं मिळून हिलोला जायचं ठरवलंत, तर मी स्वतः आनंदानं बघायला येईन. पाऊस तिथं आपल्या चिखलदऱ्यासारखा म्हणतात. पण तिघं मिळून. हे माझं मत झालं. नोकरी तुझी, घर तुझं, हो-नाही तूच म्हणायचं, आणि तू हिलोला गेलीस तरी मी रागावणार नाही. फक्त मी गेले म्हणून जाऊ नकोस.

आंबिया बहराची संत्री यंदा बरी धरली आहेत. तुला पाठवता येत नाहीत, तिकडे फळ उतरू देत नाहीत, याचंच बाबांना वाईट वाटतं. नातवासाठी मातीचे दोन बैल करून ठेवले आहेत, एकाचं शिंग वाळताना मोडलं, ते पुन्हा बसवते.

येत्या रविवारी सकाळी नऊला फोन हाताशी ठेवते, तुझ्याकडे शनिवारची सांज असेल, साडेपाच. नाही आला, तर ड्यूटीवर आहेस असं समजेन.

तुझी,
आई