दीड बोट खाली, अर्धं बोट मागे

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाची गल्ली लिहायची नाही, हे तुम्हीच बजावलंत. “नाव टाकलंत तर गर्दी होईल, गर्दी झाली की कामं बिघडतात, आणि बिघडलेली कामं परत माझ्याकडेच येतात.” म्हणून एवढंच लिहिते, की पुण्यातल्या एका पेठेत, दोन वाड्यांच्या मधे, शटर अर्धंच वर असलेलं एक दुकान आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी चार महिन्यांपूर्वी तुमच्याकडे आले ती सायकल विकायला. तुमच्या लक्षात असेल-नसेल. कोथरूडला राहणारी, बावधनच्या शाळेत शिकवणारी, पाच फूट एक इंच उंचीची बाई, उजव्या गुडघ्याला नीकॅप. मी विचारलं, “ही कोणी घेईल का?” तुम्ही सायकलकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, “ताई, जरा बसून दाखवा.”

मला वाटलं, सायकल चालते का ते बघायचंय. मी गल्लीत एक फेरी मारली. परत आले तर तुम्ही स्टुलावर बसून हसत होतात. “सायकल बरी आहे. तुमचीच तेवढी नाहीये.”

हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

त्याआधी काय काय झालं ते तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंय, आता एकदा सलग सांगते. छेचाळिसाव्या वर्षी नवी हायब्रीड सायकल घेतली. दुकानातल्या मुलाने सीट अशी लावली की बसल्या जागी दोन्ही पायांचे चवडे रस्त्याला टेकावेत. “सेफ राहतं मॅडम.” मलाही तेच हवं होतं. पण चांदणी चौकाचा चढ रोजचा. तीन आठवड्यांत गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागली, मग जिना उतरतानाही. एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला तरी “आता या वयात…” हे ऐकून झालं. नीकॅप आली. शाळेच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकीकडे एक तेल होतं.

मग मी स्वतः अभ्यास करायला घेतला, आणि शिक्षकाने अभ्यास घेतला की काय होतं ते तुम्ही पाहिलंतच. सीटच्या उंचीचं एक सूत्र सापडलं. ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूने ते लोकप्रिय केलं. 1986, 1989 आणि 1990 अशी तीनदा ‘टूर द फ्रान्स’ जिंकलेला माणूस, त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पुस्तकाचा कणा मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायचा, तिथपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला 0.883 ने गुणायचं. क्रँक (म्हणजे पायडल ज्या हाताला जोडलेलं असतं तो) जिथे फिरते त्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत तेवढं अंतर ठेवायचं. पुस्तकाच्या जागी मी हजेरीपट वापरला. माझं माप 71 सेंटिमीटर, गुणाकार 62.7. सीट होती 52 वर. एका संध्याकाळी जवळजवळ पावणेअकरा सेंटिमीटर वर!

पुढचं दुखणं थांबलं, मागचं सुरू झालं. पायडल खाली गेलं की बोटांनी शोधावं लागायचं, कमर डावी-उजवी डुलायची, गुडघ्यामागची शीर ओढल्यासारखी. बसायला टोचतं म्हणून सीटचं नाक खाली झुकवलं. झुकवल्यावर मी पुढे घसरायला लागले, म्हणून हाताने रेटून धरायचे. हॅन्डल लांब वाटतं म्हणून सीट रुळावरून पुढे सरकवली. वर जेलचं कव्हर. शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट इतकं बधिर व्हायचं की पहिल्या तासाला फळ्यावर अक्षर धड येईना. एकेक उपाय मागच्या उपायाचं पोर होतं.

तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “त्या सूत्रात क्रँकची लांबी विचारलीय का?”

नव्हती विचारली. माझ्या सायकलची क्रँक 170 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या भाषेत “उंच माणसाची ताटली बुटक्यापुढे”. पाय आखूड आणि क्रँक लांब असली की पायडल खाली आणखी दूर जातं, आणि गणिताला त्याचा पत्ता नसतो. नंतर मी शोधलं, तर दुसरंही एक जुनं सूत्र निघालं, 1967 सालच्या इंग्लंडमधल्या अभ्यासातलं. त्यात पायाच्या मापाच्या 109 टक्के, पण अंतर खाली आलेल्या पायडलच्या दांड्यापासून धरायचं. म्हणजे क्रँक त्यात आपोआप येते. माझ्यासाठी ते 77.4 होतं, क्रँकचे 17 वजा केले की 60.4. दोन सूत्रं, एकच बाई आणि मधे सव्वादोन सेंटिमीटर. तुमच्या दुकानात एवढ्या फरकावरून माणसं वर्षभर भांडतील.

तुम्ही सूत्र वापरलं नाहीत. सायकल भिंतीला टेकवलीत, मला वर बसवलंत, पायडल अगदी खाली आणि त्यावर माझी टाच. “गुडघा सरळ होतोय? कमर न हलवता? आता चवडा ठेवा.” चवडा ठेवल्यावर गुडघ्यात जरासा वाक राहिला. पाना फिरला, सीट खाली आली, पुन्हा टाच, पुन्हा चवडा. तिसऱ्यांदा तुम्ही मान हलवलीत. मी टेप लावून मोजलं तर 60. दीड बोट खाली. मला तेव्हा इतका राग आला, की दोन महिने मी दशांशचिन्हापर्यंत हिशेब केला होता आणि तुम्ही टाचेने उत्तर काढलंत.

मग तुम्ही पत्र्याच्या डब्यातून एक दोरा काढलात आणि त्याला नट बांधलात. गवंड्याचा ओळंबा, फक्त छोटा. पायडल समोर आडवं धरायला लावून गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्याला दोरा लावलात. नट पायडलच्या दांड्याच्या बराच पुढे लोंबत होता. अर्धं कारण मी सीट पुढे ढकलली होती, आणि अर्धं तुम्ही स्वतःच केलं होतंत. सीटची नळी तिरपी असते, साधारण 73 अंशांत, त्यामुळे सीट एक सेंटिमीटर खाली आली की तीनेक मिलिमीटर पुढेही येते. “म्हणून आधी उंची, मग मागेपुढे. उलटं केलंत तर रात्रभर बसाल.” अर्धं बोट मागे. (या ओळंब्याला शास्त्राचा पक्का आधार नाही असं मी पुढच्या खेपेला वाचून आले आणि तुम्हाला ऐकवलं. तुम्ही म्हणालात, “गवंडी पण ओळंबा लावतो, म्हणून घर गळायचं राहतं का? पण लावल्याशिवाय भिंत सुरू करत नाही.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

आता पुठ्ठ्याबद्दल. हे मी स्टाफरूममध्ये सांगितल्यावर सगळ्या हसल्या होत्या, आता तिघींनी घरी करून पाहिलंय. तुम्ही खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवलात, म्हणालात, “यावर बसा, गुडघे वर घ्या, जरा पुढे वाका,” आणि मला संकोच वाटू नये म्हणून पाठ फिरवून पंक्चर काढायला लागलात. उठले तर पुठ्ठ्यात दोन खळगे. तुम्ही बोटाने चाचपून प्रत्येकाच्या मधोमध खडूची फुली मारलीत. तेरा सेंटिमीटर. “ही तुमची बसायची हाडं. यात दोन-अडीच मिळवा, तेवढी सीट रुंद पाहिजे.” माझी होती चौदा. म्हणजे दोन्ही हाडं कडेवर आणि सगळा भार मधल्या नाजूक जागेवर, आणि वर ते जेल, ज्यात हाडं रुतून मधला भाग आणखी फुगून वर यायचा. सहाशे रुपयांचं जेल कव्हर तुम्ही काढून माझ्या हातात दिलंत. “घरी पोळपाटाखाली ठेवा, सरकत नाही.” खरंच ठेवलंय.

सोळा सेंटिमीटरची जुनी सीट तुमच्या माळ्यावरून निघाली. ती बुडबुड्याच्या लेव्हलने सरळ लावलीत. मी म्हटलं, नाक जरा खाली? तुम्ही माझ्या तळहाताकडे बोट दाखवलंत. करंगळीकडच्या गादीखालून जी नस जाते ती हॅन्डलवर दाबली गेली की बोटं झोपतात, हे मला माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने नंतर नीट समजावलं. तुमची आवृत्ती छोटी होती: “बुडाचं ओझं बुडाने घ्यावं, हाताला कशाला कामाला लावता?” मग लांब स्टेम (हॅन्डलला पुढे धरणारा तुकडा) काढून सत्तर मिलिमीटरचा बसवलात आणि ब्रेकच्या मुठी खाली फिरवल्यात, म्हणजे मनगट मोडत नाही. मुठीतला तो बारीक स्क्रू तर मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो आत घेतल्यावर ब्रेक बोटांच्या जवळ आला. माझे हात आठवीतल्या मुलीएवढे आहेत, आणि इतके दिवस मी मोठ्या माणसाचा ब्रेक ताणून धरत होते.

पण काका, खरे आभार यातल्या कशाचे नाहीत. हे सगळं लावून झाल्यावर मी सीटवर बसले आणि माझे पाय जमिनीला पोचेनात. मी घाबरून म्हणाले, “हे नको, मी पडेन.” दुसरा कोणी असता तर सीट खाली करून दिली असती, त्या दुकानातल्या मुलासारखी. तुम्ही हात पुसलेत आणि गल्लीत आलात. “सीटवर बसून थांबायचंच नाही ताई. थांबायच्या आधी सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय पायडलवर, एक खाली.” मग त्या बोळात, कचऱ्याच्या डब्यापासून पानाच्या टपरीपर्यंत, तुम्ही मला अकरा की बारा फेऱ्या मारायला लावल्यात. टपरीवाला गिऱ्हाईक सोडून बघत होता. प्रत्येक फेरीला तुम्ही एकच शब्द ओरडायचात: “उतरा!” सातव्या-आठव्या फेरीला ते जमलं. दुखण्याच्या मुळाशी ना वय होतं, ना गुडघा. पाय टेकायची भीती होती, आणि ती कोणाच्याच एक्स-रेत दिसली नव्हती.

घरी जाताना मला वडिलांची काळी सायकल आठवली. बावीस इंची, मधे आडवा दांडा. आम्ही दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून कैची मारत शिकलो, अंग वाकडं, मान वर, एक हात सीटला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की सायकल मोठी आहे. म्हणायचे, तू अजून लहान आहेस. ते डोक्यात इतकं बसलं होतं, की छेचाळिसाव्या वर्षीही दुखलं तेव्हा मी सायकलीला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी तुम्ही सीट पिलरवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, लाल नेलपॉलिशची रेघ मारलीत. (नेलपॉलिश दुकानात का आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.) त्या नळीवरची कारखान्याची खूणही दाखवलीत, जिच्यापलीकडे पिलर कधीच बाहेर काढायचा नाही, नाहीतर एखाद्या खड्ड्यात मोडतो. आणि अट घातलीत: चार दिवस चालवायची, मगच यायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. त्यानंतर मी तीनदा आले. दुसऱ्या खेपेला सीट तीन मिलिमीटर वर गेली. तिसऱ्या खेपेला तुम्ही नुसतं गल्लीत चालवायला लावलंत, मागून माझी कमर पाहिलीत आणि म्हणालात, “जा आता, चहा पिऊन जा.” क्रँक मात्र तशीच आहे. आखूड क्रँक महाग पडेल आणि गरज पडली तर बघू, म्हणालात. अजून पडली नाही. लांब चढाला शेवटी गुडघा जरा कुरकुरतो, हे खोटं कशाला सांगू? पण ती कुरकूर शाळेच्या फाटकाशी थांबते, जिन्यापर्यंत येत नाही.

गेल्या रविवारी खडकवासल्याला जाऊन आले. धरणाच्या भिंतीशी कांदाभजी खाल्ली, परत येताना वारा समोरून होता. घरी येऊन पेन हातात घेतलं तेव्हा करंगळी जागी होती. म्हणून त्याच दिवशी हे पत्र लिहायला घेतलं.

तुम्ही माझ्याकडून चार खेपांचे, स्टेम आणि सीट धरून, साडेसातशे रुपये घेतलेत. मी हजार पुढे केले तर उरलेले मोजून परत दिलेत आणि वर म्हणालात, “मी काय केलं, चार नट फिरवले.” ते मला मान्य नाही, एवढं लिहून ठेवते.

आणि एक. पुढच्या शनिवारी दुपारी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई येणार आहेत तुमच्याकडे. सायकल भावाची आहे, भाऊ सहा फूट, बाई माझ्याहून दोन इंच उंच. मी काही हात लावलेला नाही, शपथ. फक्त पुठ्ठ्यावर बसवलंय. खळगे पेन्सिलीने गोल करून दिलेत, पुठ्ठा त्यांच्याबरोबर येईल.

तुमची,
नीकॅपवाली ताई